फोन मारा, मासे मारा, पैज मारा: चिनी भाषेतलं ‘ता’ कसं शिकावं

चिनी भाषा, म्हणजे मँडरिन, शिकायला घेतली की पहिल्या काही धड्यांतच ‘ता’ हे क्रियापद समोर येतं. शब्दकोश उघडला तर पहिला अर्थ दिसतो मारणे, ठोकणे. पण एचएसके या चिनी भाषेच्या पातळीवार परीक्षेच्या जुन्या शब्दयाद्या पाहा. पहिल्या पातळीला हा शब्द फोन करण्यासाठी येतो, दुसऱ्या पातळीला बास्केटबॉल खेळण्यासाठी, तिसऱ्या पातळीला झाडलोट करण्यासाठी आणि बेत आखण्यासाठी, चौथ्या पातळीला इंजेक्शन, सवलत, प्रिंट काढणं, नटणं-सजणं या सगळ्यांसाठी. मारामारीचा पत्ताच नाही. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं इथे वीस-पंचवीस अर्थांची यादी देतात आणि पाठ करा म्हणतात.

मराठी माणसाने त्या यादीच्या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. आपल्या घरात आधीपासूनच एक असं क्रियापद आहे: मारणे. आपण फोन मारतो, गाठ मारतो, सायकलच्या चाकात हवा मारतो, पैज मारतो, आणि यातल्या एकाही वेळी कुणाला इजा होत नाही. मराठी बोलणाऱ्याला ‘ता’ आतून कळू शकतं. फक्त कुठवर विश्वास ठेवायचा आणि कुठे थांबायचं, ते माहीत हवं. त्यासाठीच हा लेख.

पायरी पहिली: उच्चार नीट बसवा

रोमन लिपीत हा शब्द ‘डी’ने लिहितात, म्हणून बरेच जण ‘डा’ किंवा ‘दा’ म्हणतात. प्रत्यक्षात चिनी भाषेत तिथे आपला साधा ‘त’ आहे. आणि रोमन लिपीत जिथे ‘टी’ लिहितात तिथे ‘थ’ आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला हा फरक महिनोन्‌महिने छळतो. आपल्याला ताट आणि थाट यांत घोळ होत नाही, तसाच इथेही होणार नाही. प-फ, क-ख, च-छ या जोड्यांचंही तसंच आहे. त्यामुळे सुरुवातीला वहीत उच्चार देवनागरीत लिहा, फायदा होतो.

या लेखात प्रत्येक अक्षरानंतर सुराचा आकडा दिला आहे. १ म्हणजे उंच आणि सपाट, २ म्हणजे चढता, ३ म्हणजे खाली दबलेला, ४ म्हणजे झटक्यात उतरता. आकडा नसेल तर हलका, सूर नसलेला उच्चार. ‘चअ’, ‘छअ’, ‘कअ’ असं लिहिलं आहे तिथे ‘अ’ जरा लांबवायचा. ‘फ’ हा फळातला, ओठ मिटून सोडलेला; ‘फ़’ हा फोनमधला. ‘चन१’, ‘चअ२’, ‘चाओ१’ यांतला ‘च’ जिभेचं टोक वर वळवून म्हणायचा, हे मात्र कानाने ऐकूनच शिकायचं.

आपला शब्द आहे ता३. सूर चुकला तर काय होतं? ता४ म्हणजे मोठा. था१ म्हणजे तो किंवा ती. ता२ म्हणजे डझन, आणि गंमत अशी की डझनासाठी लिहायचं अक्षरही हेच. बारा बिअरच्या बाटल्या मागवताना ‘यी४ ता२ फी२-च्योउ३’ म्हणतात. हा डझनाचा अर्थ इंग्रजी शब्दाच्या ध्वनीवरून आलेला आहे, त्याचा मारण्याशी संबंध नाही.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून जिभेला लावा. तिसऱ्या सुरापुढे तिसराच सूर आला तर पहिला दुसऱ्यासारखा चढतो. झाडलोट म्हणजे ता३-साओ३, पण तोंडातून निघतं ‘ता२-साओ३’. पाणी भरणं म्हणजे ता३-श्वेइ३, निघतं ‘ता२-श्वेइ३’. लिहिताना मूळ सूरच लिहायचे, म्हणून मीही इथे तसेच लिहिले आहेत.

अक्षर लिहायला सोपं आहे, पाच रेघांचं. डावीकडे हाताचं चिन्ह, तीन रेघांत: आडवी, मग खाली आकडा असलेली उभी, मग तिरपी वर जाणारी. उजवीकडे दोन रेघा: आडवी, आणि खाली आकडा असलेली उभी. हा उजवा भाग खिळ्यासारखा दिसतो. हात आणि खिळा, एवढं डोळ्यांपुढे आणलं की अक्षर विसरत नाही. हाताचं चिन्ह डावीकडे असलेली क्रियापदं पुढे ढिगाने भेटतील: ढकलणं, ओढणं, धरणं, फेकणं.

पायरी दुसरी: खरोखरचं मारणं उरकून घ्या

माणसाला मारणं ता३ रन२, भांडण-मारामारी ता३-च्या४, युद्ध करणं ता३-चांग४, मार खाणं आय२-ता३. रोजच्या आयुष्यात हे फार लागत नाही. पुढे जाऊ.

पायरी तिसरी: ‘मारणे’च्या जोड्या लावा

वहीचं एक पान काढा, डावीकडे मराठी आणि उजवीकडे चिनी. नुसता ‘ता’ कुठेही लिहू नका. प्रत्येक वेळी त्याच्या पुढचं नाम सोबत लिहा. हा माझा सगळ्यांत आग्रहाचा मुद्दा आहे, कारण ‘ता’ला स्वतःचा अर्थ फार थोडा आहे. अर्थ पुढच्या नामात असतो.

फोन मारणे: ता३ त्येन४-हुआ४.
मासे मारणे: ता३-यू२. कोकणात आणि गोव्यात मासे मारायला जातात, तसंच चिनी कोळीही ‘मारायला’ जातो, आणि दोघेही प्रत्यक्षात जाळं टाकतात.
गाठ मारणे: ता३-च्ये२.
हवा मारणे: ता३-छी४. सायकलच्या दुकानात हाच शब्द.
पैज मारणे: ता३-तू३.
टिक मारणे: ता३-कोउ१. फुली मारणे: ता३-छा१. अर्ज भरताना दोन्ही ऐकू येतात.
बोअर मारणे: ता३-चिंग३. चिनी भाषेत साध्या विहिरीलाही हेच.
बुटाला पॉलिश मारणे: ता३ श्ये२-योउ२.
पिकावर औषध मारणे: ता३ नुंग२-याओ४. द्राक्षबागेत वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दोन भाषांचा एकमेकींशी काही नातेसंबंध नाही. तरी हाताने, जोर लावून, एका झटक्यात करायच्या कामांसाठी दोन्हींनी मारण्याचंच क्रियापद उचललं, हे मला या शब्दातलं सगळ्यांत सुंदर वाटतं.

पायरी चौथी: जिथे मराठीत मारत नाहीत

इथे डोकं थोडं वेगळं चालवावं लागतं. चार गट करा.

पहिला गट शरीराचा. आपल्याला शिंक येते, आपण जांभई देतो, ढेकर देतो, घोरतो. चिनी माणूस या सगळ्याला ‘ता’ लावतो. शिंकणं ता३ फन१-थी४, जांभई ता३ हा१-छ्येन, घोरणं ता३ हू१-लू, डुलकी काढणं ता३ खअ१-श्वेइ४. ता३-कअ२ म्हणजे ढेकरही आणि उचकीही, संदर्भावरून ओळखायचं. एकच लक्षात ठेवा: खोकल्याला ‘ता’ लागत नाही, तो नुसता खअ२-सोउ. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हा गट वॉर्डात रोज लागतो. त्यातच इंजेक्शन आलं: ता३-चन१, शब्दशः सुई मारणं. सलाईन लावणं ता३ त्येन३-ती१, लस घेणं किंवा देणं ता३ यी४-म्याओ२. मराठीत ‘डॉक्टरने मला इंजेक्शन दिलं’ आणि ‘मी इंजेक्शन घेतलं’ अशी दोन क्रियापदं लागतात. चिनीत डॉक्टरही ‘ता’ आणि रुग्णही ‘ता’. नुकताच दवाखान्यातून आलेला रुग्ण ‘वो३ ता३-चन१ ल’ म्हणाला तर त्याने कुणाला टोचलेलं नाही, त्याला टोचलं आहे. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. चिनी लोक त्यांना खअ१ ती४-हुआ२ या नावाने ओळखतात. तिथे ओळख करून देताना महाराष्ट्रातून आलो म्हणून सांगाल तेव्हा हे नाव माहीत असू द्या.)

दुसरा गट घेऊन येण्याचा. ता३-श्वेइ३ म्हणजे पाणी भरून आणणं, ता३-फ़ान४ म्हणजे खानावळीच्या खिडकीतून ताटात जेवण घेणं. चिनी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिलात तर ता३ खाय१-श्वेइ३ हे शब्द ऐकालच. उकळतं पाणी भरून आणणं. पाणी तापवण्याच्या खोलीबाहेर रंगीबेरंगी थर्मास ओळीने मांडलेले असतात, कुणाचा कुठला ते कळावं म्हणून त्यांवर नावं किंवा खुणा असतात, आणि खोलीतला सोबती अंथरुणातून ओरडतो की माझाही भरून आण. हे ‘ता खाय’ ऐकून ‘उघडणे’ असा अर्थ लावू नका. उघडणं हेही ता३-खाय१च आहे, पण इथे खाय१-श्वेइ३ हा उकळत्या पाण्याचा वेगळा शब्द आहे.

याच गटातला ता३ च्यांग४-योउ२, म्हणजे सोया सॉस आणणं. पूर्वी घरातल्या पोराला बाटली देऊन वाण्याकडे पाठवायचे आणि तो सुटा सोया सॉस भरून आणायचा. २००८ साली क्वांगचौ शहरात टीव्हीच्या वार्ताहराने रस्त्यावरच्या एका माणसाला त्या वेळी गाजत असलेल्या प्रकरणावर मत विचारलं. तो म्हणाला, माझा काय संबंध, मी सोया सॉस आणायला निघालोय. ते वाक्य देशभर पसरलं, आणि आज ‘मी फक्त ता च्यांग-योउ करतोय’ म्हणजे माझा यात काही संबंध नाही, मी आपला बाजूने जाणारा. चिनी सोशल मीडिया वाचताना सोया सॉसचा उल्लेख आला तर स्वयंपाकघरात शोधू नका.

तिसरा गट धरण्याचा आणि उचलण्याचा. छत्री उघडून डोक्यावर धरणं ता३-सान३. छत्री नुसती बरोबर घेणं मात्र वेगळं, त्याला ताय४ म्हणतात. पिशवीत मिटलेल्या छत्रीला ‘ता’ लावता येत नाही.

चौथा गट घडवण्याचा. लोहारकाम ता३-थ्ये३, फर्निचर बनवणं ता३ च्या१-च्यू४, स्वेटर विणणं ता३ माओ२-यी१, अंडं फोडून फेटणं ता३ ची१-तान४. लोहाराचं समजतं, हातोडा आहे. स्वेटरचं का, हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. सुंग राजवटीतले मोठे साहित्यिक ओउयांग श्योउ (१००७–१०७२) यांनी या शब्दावर चांगलीच तक्रार लिहून ठेवली आहे. त्यांचं म्हणणं असं: मूळ अर्थ ठोकण्याचा, तेव्हा माणसं एकमेकांना मारतात त्याला ‘ता’ म्हणा, सोनार भांडी घडवतो त्यालाही म्हणा, तिथे हातोडी आहे, पण लोक बोट बांधायला, जाळ्याने मासे धरायला, पाणी उपसायला, मजुरांना जेवण पोचवायला, छत्री धरायला, कागद चिकटवायला आणि जमीन मोजायलाही ‘ता’च म्हणतात, आणि विद्वान मंडळीही तसंच बोलतात. म्हणजे हजार वर्षांपूर्वीच हा शब्द हाताबाहेर गेला होता. त्यांनी दिलेल्यांपैकी पाणी, मासे, जेवण आणि छत्री आजही जशीच्या तशी चालू आहेत. त्यामुळे वर्गात ‘असं का’ म्हणून अडून बसू नका. गट लक्षात ठेवा, उदाहरणं पाठ करा, पुढे चला.

पायरी पाचवी: खेळांची वाटणी

हाताने किंवा हातातल्या साधनाने खेळायचे चेंडूचे खेळ ‘ता’ घेतात. बास्केटबॉल ता३ लान२-छ्योउ२, टेबल टेनिस ता३ फिंग१-फांग१-छ्योउ२, बॅडमिंटन ता३ यू३-माओ२-छ्योउ२. आपलं क्रिकेट म्हणजे पान३-छ्योउ२, शब्दशः फळीचेंडू, तेही ता३. फुटबॉल पायाचा, म्हणून त्याला थी१, लाथ मारणं: थी१ त्सू२-छ्योउ२. पत्ते (ता३-फाय२), माहजोंग (ता३ मा२-च्यांग४) आणि मोबाइलवरचे गेम (ता३ योउ२-शी४) ‘ता’कडे, बुद्धिबळ मात्र नाही, पटावरच्या खेळांना श्या४ म्हणतात. थाय४-ची२-छ्वेन२, म्हणजे सकाळी बागेत वयस्क मंडळी सावकाश करतात तो व्यायाम, तोही ‘ता’. पळणं आणि पोहणं यांना त्यांची स्वतंत्र क्रियापदं आहेत.

पायरी सहावी: बाजारात उभं राहायचं असेल तर

चच्यांग प्रांतातल्या यीऊच्या घाऊक बाजारात किंवा क्वांगचौच्या व्यापार मेळ्याला जाणाऱ्यांनी एवढी एकच पायरी वाचली तरी पैसे वाचतील. सवलत देणं म्हणजे ता३-चअ२. सवलत मिळेल का: नंग२ ता३-चअ२ मा?

दुकानदार म्हणतो ता३ पा१ चअ२. पा१ म्हणजे आठ. आपल्या डोक्यात लगेच ऐंशी टक्के सूट येते. तसं नाही. चिनी पद्धतीत किती सोडलं ते सांगत नाहीत, किती द्यायचं ते सांगतात. आठ ‘चअ’ म्हणजे किमतीचे दहा भाग करा आणि त्यातले आठ द्या, म्हणजे वीस टक्के सूट. सात चअ म्हणजे तीस टक्के. पा१-ऊ३ चअ२ म्हणजे साडेआठ, पंधरा टक्के सूट. आकडा जितका लहान तितका तुमचा फायदा. दुकानाच्या काचेवर मोठ्ठा ९ लिहिलेला दिसला तर फार हुरळू नका, दहा टक्केच आहेत. अर्ध्या किमतीला ऊ३ चअ२ किंवा ता३ त्वेइ४-चअ२.

एक दाखला डोळ्यांपुढे ठेवा. २०० युआनची बॅग, पाटी सात चअ. द्यायचे १४० युआन. घासाघीस करून सहापर्यंत आणलंत तर १२०. कॅल्क्युलेटर काढायची गरज नाही, किमतीच्या दहाव्या भागाला आकड्याने गुणा.

बाजारानंतर जेवायला बसलात आणि अन्न उरलं, तर ता३-पाओ१, बांधून द्या. छिंग३ पांग१ वो३ ता३-पाओ१, एवढं म्हटलं की डबे येतात. उरलेलं बांधून नेण्यात तिथे कुणी कमीपणा मानत नाही. सिंगापूर-मलेशियात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा शब्द आधीच ठाऊक असेल. तिथल्या इंग्रजी-मलय बोलण्यात ‘तापाव’ म्हणून जो शब्द रुळला आहे तो हाच, दक्षिण चिनी उच्चारातून आलेला.

परत हॉटेलवर जायला टॅक्सी करायची: ता३-छअ१. जुन्या वळणाने ता३-ती१ असंही म्हणतात. त्यातला ती१ हा हाँगकाँगकडच्या टॅक्सीच्या उच्चाराचा तुकडा आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध टॅक्सी अ‍ॅपचं पहिलं नावच तीती ता-छअ होतं. तैवानमध्ये मात्र ता३-ती१ बोललात तर लोक तुम्हाला मुख्य भूमीवरून शिकून आलेला म्हणून लगेच ओळखतील. तिथे टॅक्सीचा शब्दच वेगळा आहे. प्रिंट काढण्याचंही तसंच: बीजिंगमध्ये ता३-यिन४, तायपेईत ल्ये४-यिन४.

पायरी सातवी: वाक्य बांधताना नाम गाळू नका

मराठीत ‘तुला फोन मारतो’ मधला फोन गाळला तर काय उरतं? ‘तुला मारतो’. चिनीतही तंतोतंत तेच होतं. वो३ ता३ नी३ म्हणजे मी तुला मारतो. नवशिक्यांच्या तोंडून हे वाक्य हमखास निघतं, कारण इंग्रजीतली सवय फोन करण्याला एकच शब्द समजते. बरोबर रचना अशी: वो३ केइ३ नी३ ता३ त्येन४-हुआ४. केइ३ म्हणजे आपला ‘ला’, आणि माणूस त्याच्यानंतर पण ‘ता’च्या आधी येतो. मराठी क्रम, ‘मी तुला फोन मारतो’, इथे जवळजवळ जसाच्या तसा बसतो. फक्त फोन शेवटी जातो. इंजेक्शनलाही हीच रचना: परिचारिकेने त्याला इंजेक्शन दिलं, तिथे केइ३ था१ ता३-चन१. नमस्कार-चमत्कार करण्याला मात्र, म्हणजे ता३ चाओ१-हू, ‘बरोबर’ या अर्थाचा कन१ सहसा वापरतात.

दुसरी गोष्ट. ‘ता’ आणि नाम यांची जोडी तुटू शकते, आणि भूतकाळ, संख्या, वेळ वगैरे मध्ये शिरतात. एक फोन केला: ता३ ल यी२ कअ त्येन४-हुआ४. दोन इंजेक्शनं घेतली: ता३ ल ल्यांग३ चन१. पूर्वी मजुरी केली आहे: ता३ क्वो कुंग१. हे ‘ल’ आणि ‘क्वो’ नामाच्या मागे चिकटवायचा मोह होतो, तो टाळा; ‘वो३ ता३-चन१ ल’ मधला वाक्याच्या शेवटी येणारा ‘ल’ वेगळा. आपणही ‘फोन मारला’ मध्ये मारण्यालाच काळ लावतो, फोनला लावत नाही.

तिसरी. कसं केलं हे सांगायचं असेल तर क्रियापद पुन्हा म्हणावं लागतं. तो बास्केटबॉल फार छान खेळतो: था१ ता३ लान२-छ्योउ२ ता३ त हन३ हाओ३. दुसरा ‘ता’ विसरला की वाक्य लंगडं होतं.

फोन लागत नसेल तर ता३ पू थुंग१. खेड्यातल्या घरी फोन लावताना हे तीन शब्द फार उपयोगी पडतात.

पायरी आठवी: जिथे ‘ता’ विरघळून गेला आहे

काही जोडशब्दांत आता ‘ता’ वेगळा काढून दाखवता येत नाही. हे तोडू नका, अख्खे गिळा. ता३-स्वान४ म्हणजे बेत असणं: नी३ ता३-स्वान४ छ्यू४ नार३, कुठे जायचा विचार आहे? ता३-थिंग म्हणजे चौकशी करणं. ता३-पान म्हणजे नटणं. ता३-साओ३ झाडलोट. ता३-ल्यांग म्हणजे एखाद्याला नखशिखान्त न्याहाळणं. ओउयांग श्योउंच्या तक्रारीत जमीन मोजण्यासाठी आलेला शब्द तोच, फक्त आता मोजमाप नजरेने होतं. या शब्दांत ‘ल’ अख्ख्या शब्दानंतर येतो, मध्ये नाही: ता३-साओ३ ल.

या गटातला रोज लागणारा शब्द ता३-राओ३, त्रास देणं. अनोळखी माणसाला रस्ता विचारण्याआधी ‘ता३-राओ३ यी२-श्या४’ म्हणा, म्हणजे आपलं ‘जरा तसदी देतो’. निघताना ‘ता३-राओ३ ल’ म्हणा. भाषा मोडकीतोडकी असली तरी समोरच्याचा चेहरा मोकळा होतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच हा शब्द शिकून घ्या.

ता३-कुंग१ म्हणजे दुसऱ्याकडे राबणं, पगारावर काम करणं. हनान, सछ्वान अशा प्रांतांतून शनचन आणि क्वांगतुंगकडे कारखान्यांत गेलेल्या माणसांच्या आयुष्याचा हा शब्द आहे, त्यात घाम आहे. आज कार्यालयातला उच्चशिक्षित तरुणही स्वतःला ता३-कुंग१-रन२ म्हणवून घेतो. आणि कामावर येताना ता३-खा३ करतो, हजेरीचं कार्ड पंच करतो. तोच शब्द पुढे प्रसिद्ध ठिकाणी जाऊन फोटो टाकण्यासाठी वापरायला लागले. एखाद्या उपाहारगृहाबाहेर ‘ता-खा’ची पाटी दिसली तर तिथे फोटो काढा असा अर्थ.

उत्तरेकडच्या, विशेषतः बीजिंगच्या, बोलण्यात ‘ता’ म्हणजे ‘पासून, कडून’ असंही होतं: ता३ नार३ लाय२, कुठून आलात? हे ओळखता यावं, स्वतः वापरायची घाई करू नये.

पायरी नववी: ‘मारणे’वर कुठे विसंबू नये

तिसऱ्या पायरीने हुरूप आला की माणूस प्रत्येक मराठी ‘मारणे’चं ‘ता’ करायला लागतो. म्हणून वहीत दुसरं पान हवं, जिथे ‘ता’ चालत नाही तिथलं. हाक मारणं च्याओ४. मिठी मारणं पाओ४. उडी मारणं थ्याओ४. गप्पा मारणं ल्याओ२-थ्येन१. शिट्टी किंवा फुंकर मारणं छ्वेइ१, फुंकणं. शिक्का मारणं काय४-चांग१. भिंतीला रंग मारणं श्वा१, ब्रश फिरवणं. थाप मारणं सा१-ह्वांग३. तासाला दांडी मारणं थाओ२-खअ४, तासापासून पळणं. दारावर टकटक केली तरी ती छ्याओ१, ‘ता’ नाही. खरं तर ठोकण्याचा अर्थ इथेच चपखल बसला असता.

शंका आली तर आधी शब्दकोशात पुढचं नाम शोधा, ‘ता’ शोधू नका. नामाच्या नोंदीत त्याचं क्रियापद बहुधा उदाहरणासह दिलेलं असतं.

पायरी दहावी: एवढं करून बघा

उत्तरं झाकून आधी स्वतः म्हणा.

काल मी आईला फोन केला. उत्तर: त्स्वो२-थ्येन१ वो३ केइ३ मा१-मा ता३ ल त्येन४-हुआ४.

बाहेर ढग गडगडतायत, छत्री घे बरोबर. उत्तर: वाय४-म्येन४ ता३-लेइ२ ल, ताय४ सान३ पा. गडगडाटाला ‘ता’ आहे, बरोबर घ्यायच्या छत्रीला नाही.

३०० युआनचा कोट साडेआठ चअला मिळाला, किती दिले? उत्तर: २५५ युआन.

ती क्रिकेट छान खेळते. उत्तर: था१ ता३ पान३-छ्योउ२ ता३ त हन३ हाओ३.

मी दोन इंजेक्शनं घेतली. उत्तर: वो३ ता३ ल ल्यांग३ चन१.

शिट्टी मारू नकोस. उत्तर: प्ये२ छ्वेइ१ खोउ३-शाओ४. यात ‘ता’ घातला असेल तर नववी पायरी पुन्हा वाचा.